मायबाप रसिक आणि ‘वन्स मोअर’

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात मुलांची गायनस्पर्धा झाली. परीक्षकाच्या खुर्चीवर आम्हाला बसविण्यात आले होते. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने ‘संगीत शारदा’ नाटकातील एक पद म्हटले. गळा गोड, स्वर जागच्या जागी. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकांवरून ‘वन्स मोअर’ही आला. बक्षीस देताना आम्ही तिला सहज विचारले, “बाळ, ही शारदा कोण गं?” ती गोंधळली. म्हणाली, “फादर, ते रागाचं नाव आहे का?” सभागृह हसले, आम्हीही हसलो. मात्र निवासाकडे परतताना त्या हसण्याची आम्हाला लाज वाटली. चूक त्या लेकराची नव्हती. ज्यांनी तिला पद शिकविले आणि ज्यांनी ते पुन्हा मागितले, त्या आम्हा थोरांची होती.

संगीत नाटकाचे आम्ही जुने भक्त. गुरुविद्यालयात असताना रेडिओवरील नाट्यसंगीताने आमचे कान घडविले, आणि पुढे सवड मिळेल तसे प्रयोगही पाहिले. आवडत्या नाटकांची आणि आवडत्या नटांची यादी प्रत्येक भक्ताजवळ असते, तशी आमच्याजवळही आहे. परंतु त्या मुलीच्या उत्तराने ती यादी पुन्हा तपासून पाहणे भाग पडले. तपासताना आम्ही एकच कसोटी लावली : पद कोणाचे? पात्राचे, नटाचे की रसिकाचे?

या कसोटीला इतिहासाचा आधार आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर होता. तो पदे गाई आणि पात्रे त्यानुसार अभिनय करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाले आणि गाणे सूत्रधाराच्या तोंडून निघून पात्राच्या मुखी आले. शकुंतलेचे दुःख आता शकुंतलाच गाऊ लागली. मराठी संगीत नाटकाचा खरा जन्म आम्हाला याच बदलात दिसतो. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ (१८८२) आमच्या यादीत फार वर आहे ते याचमुळे. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामाचा हट्ट दुर्योधनासाठी आणि श्रीकृष्ण हसत हसत सूत्रे हलविणारा. देवादिकांचे हे नाटक एखाद्या मराठी घरातल्या लग्नाच्या वाटाघाटीसारखे रंगते. त्यातली पदे संभाषणासारखी येतात आणि काम झाले की बाजूला होतात.

गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘शारदा’त (१८९९) याच गुणाला धार दिली. पैशाच्या लोभाने कांचनभट आपल्या कोवळ्या मुलीचे लग्न जख्ख म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवितो आणि भद्रेश्वर दीक्षित त्यात दलाली करतो, एवढीच कथा. पण ज्या मुलीला घरात बोलण्याची मुभा नाही, ती गाऊन बोलते. तिचे पद काढून टाकले तर नाटकातला तिचा आवाजच नाहीसा होईल. अशा पदाला रागाचे नाव समजून केवळ गोडव्यासाठी गाणे म्हणजे त्या मुलीला दुसऱ्यांदा मुके करणे होय.

आता बालगंधर्वांकडे वळतो. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांना आमच्या पिढीने रंगमंचावर पाहिले नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांतून जेवढे हाती येते तेवढेच आमचे. पण तेवढ्यानेही जीव सुखावतो. शब्द न चुरगाळता सुरात भिजविण्याची ती हातोटी पुढे क्वचितच कुणाला साधली. ते श्रोत्यांना ‘मायबाप’ म्हणत, आणि ही केवळ रंगमंचावरची नम्रता नव्हती. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी देवाघरी गेली. तरीही प्रयोग झाला आणि बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले. ही हकीकत त्यांचे भक्त मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हालाही ती थोर वाटते; पण अनेक घरांतून मुलांना अखेरचा निरोप देणारा धर्मगुरू म्हणून आमच्या मनात दुसरा प्रश्नही उठतो. त्या रात्री थिएटरात जे मायबाप बसले होते, त्यांच्यापुढे एक बाप उभा होता. त्याच्याकडून आपण किती मागावे, याला काही मर्यादा असावी की नाही?

रसिकांनी मर्यादा ठेवली नाही, असे खेदाने म्हणावे लागते. पुढे गंधर्व नाटक मंडळीचे (स्थापना १९१३) प्रयोग रात्र रात्र चालत. एकेक पद पुन्हा पुन्हा मागितले जाई. अहमदजान थिरकवाँसारखा तबलावादक साथीला असल्यावर रंगण्याला काय तोटा! पण ‘मानापमान’ हे नाटक काय सांगते? निर्धन शूर धैर्यधराचा श्रीमंत भामिनी अपमान करते आणि पुढे स्वतः गरिबीचा वेष घेऊन त्याची योग्यता ओळखते. पैसा आणि पुरुषार्थ यांच्या तुलनेचा हा विषय आजही शिळा झालेला नाही. तरीही ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी केलेल्या संयुक्त ‘मानापमान’विषयी आजही बोलणे निघते ते एकाच गोष्टीचे : सरस कोण ठरले? भामिनी आणि धैर्यधर यांची कोणी आठवणही काढीत नाही. गोविंदराव टेंबे यांच्या चाली अवीट आहेत यात शंका नाही. परंतु आमच्या कसोटीवर ‘मानापमान’ उणे पडते. त्यातली पदे नटाची झाली आणि नटाकडून रसिकांनी काढून घेतली.

राम गणेश गडकरींचे ‘एकच प्याला’ हा याहून कठीण दाखला आहे. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले. नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. पदे वि. सी. गुर्जरांची. दारूने सुधाकराचे घर धुळीस मिळते, ती आपल्या गावांतून पाहिलेली कहाणी आहे. कित्येक सिंधूंचे अश्रू आम्ही स्वतः पाहिले आहेत. बालगंधर्वांनी सिंधू अजरामर केली, हे मान्य. परंतु नवऱ्याच्या व्यसनाने दारिद्र्यात पिचलेली सिंधू विस्ताराने ताना घेऊ लागली आणि त्यावर ‘वन्स मोअर’ची आरोळी आली, की आम्ही सिंधूचे दुःख पाहत नसतो, तिच्या दुःखावर मेजवानी झोडत असतो. हे पद आटोपशीर गायिले तर काळजाला घर करते. लांबविले तर मैफल होते.

येथे कुणी विचारील, मग श्रोत्याने दाद देऊच नये काय? याचे उत्तर आपल्या गोव्याच्या बांधवांनी फार पूर्वी वेगळ्या रीतीने दिले आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, मुंबईत लुकाझिन रिबेरो आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘इटालियन भुरगो’ सादर केला आणि कोकणी तियात्र जन्मास आला. इटालियन ऑपेरा मंडळींचा संस्कार त्यामागे होता. तियात्रातील बहुतेक कांतारां कथेच्या बाहेर, दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात पडद्यापुढे होतात. एकट्याचे, दोघांचे, तिघांचे गाणे. विषय राजकारणापासून गावच्या रस्त्यापर्यंत कोणताही. श्रोत्यांनी ते तीनदा मागितले तरी कथेला ओरखडा येत नाही. एम. बॉयर किंवा आल्फ्रेड रोझ यांची कांतारां ऐकणाऱ्याला हे सांगावयास नको. शिवाय रेजिना फर्नांडिस या १९०४ मध्येच तियात्राच्या मंचावर उभ्या राहिल्या, त्या काळी मराठी रंगभूमीवर नामांकित मंडळ्यांतून स्त्रीची भूमिका पुरुषच करीत असत, हेही नोंदविले पाहिजे. तियात्राचा हा करार प्रामाणिक आहे. त्याची किंमतही आहे : कथेची पकड पुन्हा पुन्हा सुटते. मराठी संगीत नाटकाने गाणे कथेतच ओवले, म्हणून त्याची झेप मोठी आणि पडण्याची भीतीही मोठी.

ती झेप पूर्णत्वास गेली ती पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात. नाट्यसंपदेची निर्मिती आणि गोमंतकाच्या मंगेशीचे सुपुत्र जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत. खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे आणि झरीनाच्या भूमिकेत फैयाज होत्या. राजगायकाला मिळणारी कट्यार, तिने केलेला एक खून माफ, आणि आपली गायकी परक्याच्या गळ्यात जाऊ नये म्हणून धुमसणारा एक थोर कलावंत. येथे गाणे कथेला लावलेले नाही. गाणे हीच कथा आहे. ‘विद्या कुणाच्या मालकीची?’ हा त्या नाटकाचा प्रश्न, आणि आम्ही ज्या कसोटीने ही यादी तपासत आहोत तिच्याशी तो सख्ख्या भावासारखा जुळतो. वसंतराव १९८३ मध्ये गेले. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी २०१० मध्ये नाटक पुन्हा उभे केले आणि २०१५ च्या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचले. नव्या संचातला प्रयोग आम्ही पाहिला तेव्हा आमच्याही ओठांवर ‘वन्स मोअर’ आला होता. तो आम्ही गिळला. पुढच्याच क्षणी खाँसाहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते त्या आरोळीत हरवले असते.

आज संगीत नाटकांचे प्रयोग विरळ झाले आहेत. पदे मात्र मैफलीत आणि स्पर्धांत सुखाने नांदत आहेत. नाटकावाचून पद म्हणजे वेलीवाचून तोडलेले फूल. दोन दिवस घर सुगंधित करील, पण बी धरणार नाही. दोष केवळ बोलपटांवर किंवा काळावर टाकून चालणार नाही. ज्यांना नटाने मायबाप म्हटले, त्यांनी मागताना हात आखडता घेतला नाही आणि पुढच्या पिढीला देताना मात्र तो आखडला.

पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठी आम्ही एक नियम सुचविला आहे. नाट्यपद गाणाऱ्या मुलाने आधी दोन वाक्यांत सांगावे : हे कोण गाते आहे आणि का? काही पालकांना तो जाचक वाटला. त्या मुलीने मात्र आमच्या कपाटातले ‘शारदा’चे पुस्तक मागून नेले आहे. ते अजून परत आलेले नाही, आणि आम्ही मागितलेलेही नाही.