तेलकट आणि तर्रीदार : रात्रीच्या गाडीवरील खाद्य व मराठी खाद्यलेखनाची दृष्टी

प्रास्ताविक

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या प्राथमिक गरजा मानल्या जात असल्या, तरी अन्नाचा विचार केवळ गरजेच्या पातळीवर करता येत नाही. कोणते अन्न, कोणाच्या हातचे, कोठे आणि कोणत्या वेळी खाल्ले जाते, यावरून खाणाऱ्याची सामाजिक प्रत ठरविली जाते. मराठी खाद्यलेखनात घरच्या स्वयंपाकाची, सणावारांच्या पक्वान्नांची आणि प्रांतोप्रांतीच्या चवींची विपुल नोंद आढळते. मात्र रात्री दहानंतर रेल्वे स्थानकाबाहेर, एस. टी. आगाराजवळ किंवा कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या भुर्जीपावाच्या गाडीकडे हे लेखन दोनच दृष्टींनी पाहताना दिसते. एक तर ते अन्न आरोग्याला अपायकारक म्हणून निषिद्ध ठरते, किंवा 'अस्सल चव' म्हणून त्याचा गौरव होतो. या दोन्ही दृष्टींत गाडीवर रोज जेवणारा माणूस निसटतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. 'तेलकट' या एका शब्दाच्या आधारे त्याची चिकित्सा येथे केली आहे.

'तेलकट' : वर्णन की निवाडा?

मराठीत '-कट' हा प्रत्यय बहुधा नापसंतीची छटा घेऊन येतो. मळकट, धुरकट, मातकट, पोरकट ही त्याची परिचित उदाहरणे होत. 'तेलकट' हा शब्द याच मालिकेतील आहे. पदार्थात तेल किती आहे हे तो सांगत नाही; तेल नको तेथे, नको तितके आले आहे, असा निवाडा तो देतो. त्याच भाषेत तेलाच्या विपुलतेचा सन्मान करणारे शब्दही आहेत. मिसळीवरील 'तर्री', कोल्हापूरकडचा 'कट', रश्श्यावर आलेला 'तवंग' हे शब्द कौतुकाने उच्चारले जातात. पुण्यातील मिसळीच्या दुकानात गिऱ्हाईक जादा रस्सा 'सॅम्पल' म्हणून मागून घेते आणि त्यात तर्री कमी पडली तर नाराज होते.

एकाच द्रव्याबद्दल भाषेने हे दोन व्यवहार का राखले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर तेलाच्या दुर्मीळतेत शोधावे लागते. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात करडई, भुईमूग, जवस यांचे तेल घाण्यावरून मोजून आणले जाई आणि पळीने बेतून वापरले जाई. गरीब घरात रोजची भाजी तेलात न्हाऊन निघत नसे; रश्श्यावर तवंग दिसणे म्हणजे पाहुणा, सण किंवा जत्रा. यजमानाचा हात सढळ असल्याची ती खूण होती. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाल्यानंतर स्वस्त तेल गल्लोगल्ली पोहोचले. जे पूर्वी औदार्याचे चिन्ह होते, ते यानंतर कोणालाही परवडू लागले. 'तेलकट' या शब्दाला आजची सामाजिक धार आली ती या बदलानंतर, असे अनुमान करण्यास जागा आहे. वस्तू दुर्मीळ असताना तिचा उपभोग प्रतिष्ठेचा ठरतो; ती सर्वांच्या हाती आली की तिचा त्याग प्रतिष्ठेचा ठरतो.

पाकग्रंथांतील तळण

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) या ग्रंथांनी मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकाला लिखित रूप दिले. 'गृहिणीमित्र' या नावातूनच या परंपरेचा वाचक स्पष्ट होतो. येथील स्वयंपाकाला घर आहे, ओटा आहे, चूल किंवा गॅस आहे आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचा वेळ गृहीत धरलेला आहे. या परंपरेत तळणाला अजिबात मज्जाव नाही. चकली, शंकरपाळे, करंजी, अनारसे, कडबोळी हा दिवाळीचा फराळ बहुतांशी कढईतूनच निघतो. पिठाला कडकडीत मोहन घातले जाते. परंतु तयार झालेल्या पदार्थाला 'खुसखुशीत' म्हटले जाते, 'तेलकट' नव्हे. घरी चकलीने तेल पिले तर तो करणारीच्या हाताचा दोष ठरतो. गाडीवरचा वडा मात्र मुळातच तेलकट जातीचा मानला जातो. घरी जो अपवाद ठरतो, तो रस्त्यावर स्वभाव ठरविला जातो.

या भेदामागे जुना इतिहास आहे. पाव हा शब्द आणि पदार्थ पोर्तुगिजांबरोबर आला. विहिरीत पाव टाकल्यामुळे गाव बाटल्याच्या कथा गोवा आणि वसई परिसरात सांगितल्या जातात. त्या कथांचा ऐतिहासिक खरेपणा बाजूला ठेवला, तरी बाहेरचे, परक्या हातचे अन्न माणसाची जातच बदलून टाकते ही धारणा त्यांतून व्यक्त होते. पुढे विटाळाची भाषा उघडपणे बोलणे कमी झाले आणि तिची जागा बऱ्याच अंशी आरोग्याच्या भाषेने घेतली. आरोग्याचा प्रश्न खोटा आहे, असे येथे सुचवायचे नाही. परंतु 'बाहेरचे खाऊ नये' या वाक्यात आरोग्य किती आणि जुना संकोच किती, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलित स्वयंपाकाची नोंद करून मराठी पाकपरंपरेतील रिकामी जागा दाखवून दिली. जातीच्या अंगाने झालेले हे काम वेळेच्या आणि श्रमाच्या अंगानेही पुढे नेण्याची गरज आहे.

घरचाच पदार्थ, बदललेली जागा

रात्रीच्या गाडीवरील पदार्थ घरच्या अन्नाच्या विरोधी टोकाला उभे आहेत, हा समज त्यांच्या घडणीकडे पाहिल्यास टिकत नाही. आले, लसूण, मिरची आणि हळद घातलेली बटाट्याची भाजी लग्नाच्या पंगतीत आणि प्रवासाच्या शिदोरीत असते. तिचा गोळा बेसनात बुडवून तळला आणि पावात घातला की वडापाव होतो. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी त्याची विक्री सुरू केल्याचे सर्वत्र सांगितले जाते. पोळीभाजीत जे नाते पोळी आणि भाजी यांचे, तेच येथे पाव आणि वडा यांचे आहे. फरक इतकाच, की पावासाठी खाणाऱ्याला चूल लागत नाही, ताट लागत नाही आणि बसायला जागाही लागत नाही.

प्रादेशिक पदार्थांत हीच प्रक्रिया अधिक ठळकपणे दिसते. खानदेशात काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा मटणासाठी होतो, तसाच तो शेवभाजीसाठीही होतो. धुळे-जळगावकडील ढाब्यांवर उशिरा आलेल्या ट्रकचालकाला ताजी भाजी नसली तरी शेव घालून रस्सा मिळतो. नागपुरात पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओतली जाते. तेथील सावजी जेवणाचा उगम विणकर हलबा कोष्टी समाजाच्या घरांत आहे. ते पुढे खाणावळींतून शहरभर पसरले. गोव्यातील पणजी, म्हापसा, मडगाव येथील गाड्यांवर संध्याकाळपासून रात्रीपर्यंत रस-ऑम्लेट मिळते. ऑम्लेटवर शागुतीच्या धर्तीचा नारळाचा रस, वर कांदा, लिंबू आणि सोबत पाव, असे त्याचे स्वरूप असते.

या उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. महाग घटक वगळला जातो किंवा नाममात्र राहतो. रस्सा आणि त्याचा मसाला मात्र जपला जातो. रस-ऑम्लेटमध्ये कोंबडी बहुधा नसते, शेवभाजीत भाजी नसते. पण दोहोंत त्या त्या प्रदेशाच्या घरची चव असते. माणसाला दिलासा मिळतो तो या परिचित चवीतून, आणि ती चव जिभेपर्यंत वाहून आणण्याचे काम तेल करते. कारण मसाल्यांतील बरीच सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात. म्हणूनच तर्रीवाचून मिसळ अपुरी वाटते. तेलाला केवळ हाव समजणाऱ्या टीकेच्या लक्षात ही बाब येत नाही.

रात्र, श्रम आणि स्वयंपाकघराचा अभाव

या अन्नाची वेळ रात्रीची का, याचे उत्तर चवीत नसून कामाच्या घड्याळात आहे. मुंबईच्या गिरणगावात पाळ्यांमध्ये काम चाले. कोकण आणि घाटावरून आलेले अनेक कामगार कुटुंब गावी ठेवून एका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया करीत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने याच स्त्रियांना संघटित केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगावाची ही सारी घडी विसकटली. रोजगार गेलेल्या अनेक कुटुंबांनी वडापावाच्या गाडीचा आधार घेतला. म्हणजे एकेकाळी पाळी सुटल्यावर जेवण शोधणारा माणूस पुढे दुसऱ्याच्या पाळीसाठी तवा पेटवू लागला. गिरणगावाच्या इतिहासातील हा दुवा खाद्यलेखनात क्वचितच येतो.

आज त्या पाळीच्या जागी रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, रुग्णालयातील परिचर, वसतिगृहातील विद्यार्थी आणि घरोघरी इतरांचे जेवण पोहोचविणारे तरुण आले आहेत. या वर्गासाठी गाडी हे स्वयंपाकघराला पर्याय असलेले ठिकाण आहे. भुर्जीवाला समोर अंडे फोडतो, कांदा-मिरची परततो आणि 'तिखट चालेल ना?' असे विचारतो. दिवसभरात त्या माणसाच्या आवडीनिवडीबद्दल विचारला गेलेला तो बहुधा एकमेव प्रश्न असतो.

गौरवीकरणाची मर्यादा

पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखाने मराठी ललित गद्यात खवय्याला प्रतिष्ठा दिली. त्या लेखातील विनोद आणि आत्मीयता वृत्तपत्रीय पुरवण्यांतील नंतरच्या खाद्यभ्रमंतीत मात्र सहसा उरली नाही; उरली ती ठिकाणांची यादी. तिच्यात रात्रीची गाडी हे धाडस असते. लेखक पोट भरलेले असताना तेथे जातो, एक पाव खातो आणि घरी परततो. ज्याला तेथे रोज जावे लागते, त्याचा अनुभव याहून वेगळा असतो.

पुन्हापुन्हा तापविलेले तेल अपायकारक असते, यात शंका नाही. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असल्यास ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू झाला. परंतु दर रात्री उरलेले तेल टाकून देणे ज्याला परवडत नाही, त्याच्यापर्यंत हा नियम दंडाच्या रूपानेच पोहोचणार असेल, तर तेल बदलणार नाही, गाडी फक्त दुसऱ्या कोपऱ्यावर जाईल. या अन्नाचा गौरव करणारे लेखन जर तेलाचा प्रश्न टाळत असेल, तर तेही खाणाऱ्याच्या आणि तव्यापुढे धुरात उभ्या राहणाऱ्याच्या हिताचे म्हणता येणार नाही.

धोरणातील दिवस आणि रात्र

शासनानेही दिलासा देणाऱ्या अन्नाची निवड केलेली आहे. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली आणि तिची वेळ दुपारची ठेवण्यात आली. भाकरी, भाजी, वरण, भात हे अन्न पौष्टिक आहेच. पण येथे भूक दिवसाउजेडी लागते असे गृहीत धरलेले दिसते. त्याच वर्षी, २७ जानेवारीपासून मुंबईतील निवासी नसलेल्या भागांतील मॉल व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. या धोरणात रात्रीच्या खाण्याला 'नाइट लाइफ' म्हणून मान्यता मिळाली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षणापूर्वी विक्रेत्याला हटविण्यास मनाई केली असली, तरी गाडीवरील रात्रीचे खाणे शहरांच्या व्यवहारात बहुधा 'अतिक्रमण' याच नावाने ओळखले जाते. भूक एकच, वेळही एकच. नाव मात्र गिऱ्हाइकाच्या खिशावरून ठरते.

निष्कर्ष

१. 'तेलकट' हा शब्द पदार्थाच्या गुणधर्मापेक्षा त्याच्या जागेवर, वेळेवर आणि खाणाऱ्याच्या वर्गावर निवाडा देतो. घरच्या तळणाला तो सहसा लागू केला जात नाही.

२. रात्रीच्या गाडीवरील अनेक पदार्थ हे घरच्या व प्रादेशिक अन्नाचेच, महाग घटक वगळून आणि मसाला राखून घडलेले रूप आहे.

३. निषेध आणि गौरव या दोन्ही भूमिका रोज खाणाऱ्याला व शिजविणाऱ्याला दुय्यम ठरवितात.

४. तेलाच्या शुद्धतेचा प्रश्न खरा असून तो चांगले तेल, पाणी आणि हक्काची जागा उपलब्ध करून देऊन सोडविला पाहिजे.

मराठी खाद्यलेखनाने घराचा उंबरठा ओलांडला, तो बहुतेक वेळा चवीच्या शोधात. आता तो भुकेच्या शोधात ओलांडण्याची आवश्यकता आहे. मध्यरात्री तव्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील पाव हे जोवर त्याचे जेवण म्हणून लिहिले जात नाही, तोवर महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीचे चित्र अपुरेच राहील.