कपाटबंद रेडिओचा भरवसा किती?

आपत्तीत दूरध्वनी बंद पडले की हौशी रेडिओचालकांची, म्हणजे ‘हॅम’ मंडळींची, आठवण होते. त्यांच्यासाठी सरकारनेच उपकरणे घेऊन ठेवावीत ही कल्पना अमेरिकेत चांगली रुळली आहे. तेथे १९५२ साली नागरी संरक्षणासाठी ‘रेसेस’ ही हॅम सेवा सुरू झाली. अनेक कौंटींच्या आपत्कालीन केंद्रांत सार्वजनिक पैशातून घेतलेले संच आणि अँटेना असतात. परवानाधारक स्वयंसेवकांनी यायचे आणि ते चालवायचे.

या व्यवस्थेचा गुण मान्य करायला हवा. ज्याला महागडा संच परवडत नाही, अशा तरुणालाही सेवा करता येते. आक्षेप वेगळा आहे. खरेदी झाली म्हणजे तयारी झाली, हा समज अशा व्यवस्थेत सहज शिरतो. प्रयोगशाळेतले कुलूपबंद कपाट पाहिलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

निसर्गनियम असा समज मानत नाहीत. शिसे-आम्लाची बॅटरी न वापरताही उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि तिची क्षमता घटते. केबलच्या जोडात पाणी शिरले, तर प्रक्षेपकाची शक्ती वाटेतच वाया जाते. शिवाय आयनांबर सतत बदलते. दिवसा ७ मेगाहर्ट्‌झवर स्पष्ट ऐकू येणारे दोन-तीनशे किलोमीटरवरचे केंद्र रात्री नाहीसे होऊ शकते. मग ३.५ मेगाहर्ट्‌झकडे वळावे लागते. हे पुस्तकात वाचता येते, पण कानाला ते सवयीनेच कळते.

अमेरिकी नियमांनुसार रेसेसचा सराव आठवड्याला एकूण एक तासच करता येतो. मंजुरी घेऊन वर्षातून दोनदा तो ७२ तासांपर्यंत चालवता येतो. एका तासात चालक तयार होत नाही. तो तयार होतो उरलेल्या आठवड्यात, छंद म्हणून.

अंदमानचा अनुभव हेच सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’च्या भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, त्या जगभरच्या हॅमशी गप्पा मारायला. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामीने तेथील दळणवळण तोडले, तेव्हा याच केंद्रावरून बेटांवरच्या लोकांची खबर मुख्य भूमीवर पोहोचू लागली. संच वापरातला होता, चालकांचे कान तयार होते आणि पलीकडे ऐकणारेही होते.

तेव्हा संच सरकारचा जरूर असावा, पण त्याचा मुक्काम हॅम क्लबात किंवा महाविद्यालयात असावा. विद्यार्थ्यांनी त्यावर बोलावे, प्रसंगी बिघडवावा आणि दुरुस्तही करावा. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने खरेदीची पावती जरूर पाहावी, पण त्याआधी तीन प्रश्न विचारावेत : यावरून शेवटचे बोलणे कधी झाले? किती अंतरावर? आणि विजेविना, नुसत्या बॅटरीवर, किती तास?

याची उत्तरे नोंदवहीत नसतील, तर तो संच आपत्तीच्या कामाचा नाही.