विज्ञानपटाला पैसा लागत नाही

२०२४ साली 'कल्की २८९८ एडी' आला आणि आपला विज्ञानपट वयात आल्याचं कौतुक सुरू झालं. पुरावा काय, तर ६०० कोटींच्या घरातला खर्च. मला या कौतुकाचा राग येतो. पावणेनऊशे वर्षांनंतरची काशी पडद्यावर दिमाखात उभी राहते, पण त्या काशीतली माणसं आजच्यासारखीच बोलतात, आजच्यासारख्याच हाणामाऱ्या करतात. इतक्या काळात माणूस आतून कसा बदलेल, हा प्रश्न त्या चित्रपटाला पडतच नाही. 'रा.वन' आणि '२.०' हे तर सरळसरळ मारधाडपट आहेत. त्यांना विज्ञानाशी देणंघेणं नाही.

हा प्रश्न ज्यांना पडला, त्यांच्या खिशात फारसं काही नव्हतं. क्रिस मार्करनं १९६२ मध्ये 'ला जेते' केला, तो जवळजवळ पूर्ण स्थिरचित्रांचा. अठ्ठावीस मिनिटांत तिसरं महायुद्ध, कालप्रवास आणि लहानपणी पाहिलेल्या एका चेहऱ्यानं आयुष्यभर धरून ठेवलेला माणूस. सगळ्या चित्रपटात एकदाच चित्र हलतं: झोपलेली बाई डोळे उघडते. त्या काही क्षणांत जो शहारा येतो, तो कुठल्याही स्फोटानं येत नाही.

तार्कोव्हस्कीचा 'स्टॉकर' (१९७९) तर मी विज्ञानपटाचा कळस मानतो. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीतली परग्रहवासीयांनी मागे टाकलेली यंत्रं, चमत्कारिक वस्तू त्यानं जवळपास सगळ्या गाळल्या. उरलं काय? गवत, साचलेलं पाणी, एस्टोनियातल्या बंद वीजकेंद्रांच्या पडक्या भिंती. वाटाड्या धातूच्या नटाला कापडाची पट्टी बांधतो, पुढे फेकतो आणि तो पडेल तिकडे जपून पाऊल टाकतो. समोर धोका म्हणून काहीच दिसत नाही, तरी आपण श्वास रोखून बसतो. आणि शेवटी, मनातली सर्वांत खोल इच्छा जिथे पुरी होते त्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन वाटाड्या आणि त्याच्यासोबतचे दोघे, असे तिघंही थबकतात. आपल्याला खरोखर काय हवं आहे, हे कळण्याचीच त्यांना धास्ती वाटते. विज्ञानकथेनं माणसाला इतकं उघडं केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

शेन कारुथचा 'प्रायमर' (२००४) अवघ्या ७,००० डॉलरांत झाला. घरच्या गॅरेजमध्ये खटपट करणाऱ्या दोन इंजिनिअरांच्या हाती अनवधानानं कालयंत्र लागतं. जितके तास मागे जायचं, तितकेच तास पेटीत पडून राहायचं, हा एकच नियम. पण तो काटेकोर पाळल्यामुळे दोघांची मैत्री कशी सडत जाते ते पटतं. आपल्याकडे आरती कडवच्या 'कार्गो'नंही हेच धाडस केलं. 'पुष्पक' यानातले राक्षस मृतांच्या आठवणी पुसून त्यांना पुढच्या जन्माला धाडतात. पुराणही इथे आहे आणि भविष्यही; शिवाय एक एकाकी कर्मचारी आहे, ज्याचं दुःख खरं वाटतं.

म्हणून 'मराठीत विज्ञानपट परवडत नाही' ही सबब मला मान्य नाही. सुजय डहाकेनं २०१६ मध्ये 'फुंतरू' करून निदान पाऊल टाकलं; त्या वाटेवर पुढे वर्दळ का झाली नाही? कथांचा तुटवडा म्हणावा तर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांची पुस्तकं समोर आहेत. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. पुण्याचा एक इतिहासाचा प्राध्यापक मराठे पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन पोहोचतो. या कथेला एक आगगाडी, टाउन हॉलचं ग्रंथालय, आझाद मैदानावरची सभा आणि खिशात राहिलेलं बखरीचं एक पान पुरतं. त्या पानावर विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून जाते आणि हिंदुस्थानचा इतिहास बदलतो. याला कुठला हिरवा पडदा लागतो? लागतो तो विचार पेलणारा पटकथाकार आणि प्रेक्षकाच्या बुद्धीवर भरवसा ठेवणारा निर्माता. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा चित्रपटसृष्टीतूनही श्रद्धांजल्या वाहिल्या गेल्या. ज्यांनी त्या वाहिल्या, त्यांना माझी विनंती आहे: ही कथा वाचा आणि कॅमेरा घेऊन आझाद मैदानावर जा.