लेखकच आपला वार्तिककार

जुन्या पोथ्या चाळणारास त्यांच्या शेवटीं आढळणारी एक ठरीव विनंती परिचित असते. समोरच्या प्रतींत जसें दिसलें तसें उतरलें, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊं नये, असें सांगून नकलकार मोकळा होतो. त्याच्या तोंडीं ही सबब शोभते. कारण त्याच्यापुढें दुसऱ्याचें पुस्तक असतें. स्वतः ग्रंथ रचणारास मात्र ती मिळत नाहीं. त्याची मूळ प्रत तोच.

आपल्या शास्त्रकारांनीं वार्तिकाचें लक्षण सांगतांना उक्त, अनुक्त व दुरुक्त या तिहींचा विचार त्यांत घातला आहे. जें सांगितलें, जें सांगावयाचें राहिलें आणि जें चुकीचें सांगितलें, तें सर्व तपासावयाचें. पाणिनीस कात्यायन लाभला. सर्वांसच तसा कोणी लाभतो असें नाहीं. म्हणून प्रत्येक लेखकानें आपला वार्तिककार आपणच व्हावें, हें या टिपणाचें प्रतिपाद्य होय.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचें उदाहरण घेऊं. पहिली आवृत्ति १८३१ सालीं मुंबईस निघाली. तींत सुमारें ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत ते सुमारें ६०,००० झाले. संग्राहक या वाढीचेंच कौतुक करतात. परंतु मुखपृष्ठावर 'शोधिलेली' या अर्थाचा शब्द आधीं व 'वाढविलेली' हा मागून आहे. हा क्रम मार्मिक आहे. अनुक्ताची भर घालणें सोपें. त्यानें पूर्वकीर्तीस धक्का लागत नाहीं. उक्ताकडे पुन्हा संशयानें पाहणें, हें खरें कठिण. २६ वर्षांनीं तोच कोशकार तें करावयास बसला.

इतिहासाच्या क्षेत्रांत गोविंद सखाराम सरदेसाई यांचें उदाहरण ठळक आहे. मराठी रियासतीचा आरंभ १९०२ चा. पुढें १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादकत्वाखालीं निघाले. एवढें साधन हातीं आल्यावर जुन्या ग्रंथास पुरवणी जोडून ते थांबले नाहींत. वयाची ऐंशी वर्षें उलटल्यावर, १९४६ ते १९४८ मध्यें, मराठ्यांचा इतिहास त्यांनीं इंग्रजींत तीन खंडांत नव्यानें मांडला. त्यांच्या निष्कर्षांशीं कोणाचा कितीही मतभेद असो, ही तयारी वंदनीय आहे.

या दोन उदाहरणांशेजारीं आपली नित्याची रीत ठेवून पाहावी. ग्रंथास शुद्धिपत्र जोडतात, पण त्यांत ऱ्हस्वदीर्घ व कानामात्रा यांचाच हिशोब. नव्या कागदानें मिति सरकली, पत्रांतील व्यक्तीची ओळख खोटी ठरली, तरी तें प्रकरण पुढच्या आवृत्तींत जसेंच्या तसें छापलें जातें. पोथींतील चूक तिच्या नकलांपुरती चालते. छापील चूक एकाच दिवशीं सर्व प्रतींत जाते. पुढील अभ्यासक तिचा आधार देतो, त्याचा आधार तिसरा देतो, आणि प्रमाद हाच प्रमाण होऊन बसतो.

मात्र शोधन म्हणजे मागील मतावर गुपचुप हरताळ फासणें नव्हे. कोणतें विधान, कोणत्या सालीं, कोणत्या कागदामुळें बदललें, हें ग्रंथकारानें स्पष्ट नोंदवावें. संग्राहकांनींही दुसरी आवृत्ति आली म्हणून पहिली टाकूं नये. ग्रंथकाराच्या हातचे खोडाखोडीचे कागद तर स्वच्छ प्रतीहून अधिक जपावे. विचार कोठें वळला, हें तेथेंच दिसतें.

लेख छापावयास देण्यापूर्वीं तो कांहीं दिवस बाजूस ठेवावा व मग तीनदां वाचावा: एकदां प्रत्येक अवतरण मूळ कागदाशीं ताडण्यासाठीं, एकदां गाळलेला विरुद्ध पुरावा शोधण्यासाठीं, आणि एकदां, दुसऱ्या कोणाचा लेख असता तर आपण कोठें बोट ठेविलें असतें, तें पाहण्यासाठीं. हें तिसरें वाचन ज्यानें टाळलें, त्यानें तें काम आपल्या टीकाकाराकडे सोंपविलें असें समजावें.