पात्ररचना आणि नियमार्थ : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या संहितेचा विचार

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्याला पट नाही, सोंगट्या असल्याच तर त्या गौण. खेळणारा एक कल्पित पात्र धारण करतो, आणि डंजन मास्टर हा सूत्रधार व पंच या दोन्ही नात्यांनी त्या पात्रापुढे जग उभे करतो. असा खेळ वाङ्मयविचाराचा विषय होऊ शकतो काय, ही शंका रास्त आहे. परंतु ज्या संहितेच्या एकेका शब्दावर तिचे वाचक वर्षानुवर्षे वाद घालतात, तिची उपेक्षा अर्थविचार करणाऱ्याला परवडणारी नाही.

पात्र घडते ते सहा गुणांच्या अंकांतून : बल, बुद्धी, प्रज्ञा, काटकपणा, चापल्य आणि व्यक्तिप्रभाव. १९७४ च्या रीतीप्रमाणे प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकावयाचे, आणि तेही पंचाने. तीन फाशांची सरासरी १०.५ येते, १८ हा अंक २१६ दानांत एकदा पडण्याचा संभव. म्हणजे खेळणाऱ्याने पात्र निवडावयाचे नसून ते पदरात पडलेले स्वीकारावयाचे होते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत पॅलाडिन, म्हणजे धर्मवीर, हा पात्रप्रकार आला. त्यासाठी व्यक्तिप्रभाव १७ वा अधिक हवा होता. हा योग ५४ मध्ये एकदाच यावयाचा. धर्मवीर दुर्मिळ असतो हे त्या पुरवणीला वर्णनाने सांगावे लागले नाही. ते काम फाशांनी केले. १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात चार फासे टाकून सर्वांत लहान वगळण्याची आणि आलेले अंक हव्या त्या गुणांना देण्याची रीत आली, तेव्हा सरासरी १२.२४ वर गेली आणि दैवाची पकड सैल झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फासे राहिले, पण त्यांच्या शेजारी १५, १४, १३, १२, १०, ८ ही ठरीव अंकमाला आणि २७ गुण खर्चून अंक विकत घेण्याची रीतही बसविली. धर्मवीर व्हावयास आता कोणत्याही किमान अंकाची अट उरली नाही.

या स्थित्यंतराविषयी एक तक्रार नेहमी केली जाते : पात्र ‘बांधणारा’ खेळाडू जमाखर्च मांडतो, स्वभाव घडवीत नाही. २०१७ च्या एका पुरवणीनंतर धर्मवीराने वॉरलॉकची, म्हणजे गूढ शक्तीशी करार करणाऱ्या मांत्रिकाची, एक पायरी घेतली की तो बलाऐवजी व्यक्तिप्रभावाने तलवार चालवू लागे. असा करार त्याने का केला, हे कथेत कोठेच आलेले नसे. तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धेच. दैवाने दिलेल्या अंकांतूनही कित्येक पात्रे निर्जीव निघत, हे सोयीस्करपणे विसरले जाते. पात्राचा स्वभाव अंक कोठून आले यावर ठरत नाही. नियमाने घातलेल्या मर्यादेला खेळणारा काय अर्थ देतो यावर ठरतो. म्हणून खरा प्रश्न नियमार्थाचा आहे.

येथे भारतीय वाचकाला ओळखीची वाट भेटते. विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो असे पाचव्या आवृत्तीने आरंभीच सांगितले आहे. व्याकरणशास्त्रातला उत्सर्ग-अपवादाचा न्याय तो हाच. परंतु पाणिनीपाशी परिभाषा होती. या आवृत्तीच्या कर्त्यांनी मात्र व्यवहारातील गद्य पत्करले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत वर्णनाचे वाक्य तिरप्या अक्षरांत वेगळे छापून परिणामाचे कलम निराळे ठेवले होते. मीमांसकांच्या भाषेत अर्थवाद आणि विधी यांची फारकत केली होती. २०१४ मध्ये ते दोन्ही पुन्हा एका परिच्छेदात मिसळले.

त्यातून उद्भवलेले एक उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. धर्मवीराचा दिव्य प्रहार ‘निकटच्या शस्त्र-आघाता’ने लागतो असे संहिता म्हणते. रिकाम्या मुठीचा ठोसा नियमांच्या वर्गीकरणात याच सदरात पडतो, कारण तेथे ‘शस्त्र-आघात’ आणि ‘शस्त्राने केलेला आघात’ हे दोन निराळे पदार्थ आहेत. मग ठोशाने दिव्य प्रहार करता यावा काय? नियमकर्ते जेरेमी क्रॉफर्ड यांच्या अधिकृत उत्तरसंग्रहाने नाही म्हटले : हा प्रहार ‘शस्त्राच्या’ हानीत भर घालतो आणि मूठ शस्त्र नव्हे. इतके उत्तर वैयाकरणाला पुरेसे होते. पण तेथेच पुढे असेही सांगितले आहे की, पंचाने हा निर्बंध उठविल्यास खेळाचा तोल बिघडत नाही. धर्मवीर परंपरेने शस्त्रधारी असतो म्हणून तो घातला होता. ही कबुली फार मोलाची आहे. जे शुष्क कलम वाटत होते ते वस्तुतः पात्रचित्रण निघाले. अर्थवाद विधीशी एकवाक्यता पावून प्रमाण ठरतो, असे मीमांसक मानतात. येथे तर अर्थवादच विधीचा वेष घेऊन बसला होता. ज्या वाचकांनी शब्दाचा काथ्याकूट केला, त्यांच्यामुळेच हे उघडकीस आले. नियमांच्या तपशिलात रमणारा खेळाडू कथेचा शत्रू असतो, ही समजूत या एका प्रकरणापुरती तरी टिकत नाही.

२०२४ च्या सुधारित ग्रंथाने दिव्य प्रहाराला ठोशाचीही मुभा दिली. त्याबरोबर त्याला मंत्रही करून टाकले : तो आता त्या पाळीतील एक जादा कृती खर्चतो, आणि त्यासाठी शब्दोच्चार आवश्यक आहे. पूर्वी तोंड बांधलेला धर्मवीरही हातातल्या तलवारीतून तेज प्रकट करू शके. आता त्याचा आवाज कोंडला की तेही थांबते. तोल साधण्यासाठी केलेल्या या फेरफाराने धर्मवीराच्या सामर्थ्याचे स्थान शस्त्रातून वाणीत हलविले आहे, आणि पात्राच्या दृष्टीने हा बदल मुठीच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.