हाक आणि साथ

वाचक माऊली, गादीवर उभे राहणे थांबवले त्याला आता काही वर्षे झाली. दम पुरत नाही आणि गुडघे ऐकत नाहीत. आता हातून जी सेवा घडते ती वाचनाची आणि चार ओळी लिहिण्याची. यंदा उन्हाळ्यात एक परका ग्रंथ श्रवणात आला. त्याचे गुणदोष आपल्यापुढे ठेवतो.

माझी नात पुण्यात मानसशास्त्र घेऊन एम. ए. करते. पुढे अमेरिकेत जाऊन ‘डेप्थ सायकॉलॉजी’, म्हणजे मनाच्या तळाचे शास्त्र शिकावे असे तिच्या मनात आहे. सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत जेम्स हिलमन यांचे ‘द सोल्स कोड’ हे पुस्तक होते. मला इंग्रजी बेताचेच येते. रोज दिवेलागणीनंतर ती दहा-बारा पाने वाची आणि मराठीत सांगे. ग्रंथ संपला त्या दिवशी तिने विचारले, “आजोबा, कीर्तन हेच आपले काम, हे तुम्हाला कसे कळले?” हा प्रश्न मला आयुष्यात शंभरदा विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर पाठ आहे. तरी त्या दिवशी मी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. का थांबलो ते शेवटी सांगतो. आधी ग्रंथाकडे वळू.

या शास्त्राचे घर झुरिकमध्ये. तिथल्या बुर्गहोल्त्स्ली या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांच्याकडे या शास्त्राच्या नावाचे श्रेय जाते. कार्ल गुस्ताव्ह युंग (१८७५–१९६१) तिथेच काम करत. फ्रॉइड यांच्याशी त्यांचे आधी सख्य झाले आणि १९१३च्या सुमारास ताटातूट झाली. युंग यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणसाच्या जाणिवेखाली नेणीव आहे आणि तिचा खालचा थर एकट्यादुकट्याचा नसून सगळ्या मनुष्यजातीचा आहे. त्या थरातून जुनी रूपे वर येतात. स्वप्ने, कथा, देवदेवता ही सगळी तिथली. मराठीत या रूपांना आदिबंध म्हणतात.

हिलमन (१९२६–२०११) हे याच घराण्यातले. झुरिकच्या युंग संस्थेत दहा वर्षे ते अभ्यासक्रमाचे प्रमुख होते. पुढे अमेरिकेत परतले आणि त्यांनी आपली स्वतंत्र वाट धरली. १९९६ सालचे हे पुस्तक तिकडे हातोहात खपले.

त्यांचा पक्ष नीट मांडतो. प्रतिपक्ष दुबळा करून मांडणे हे कीर्तनकाराला शोभत नाही. ओक नावाच्या वृक्षाचे बी असते, टोपी घातलेल्या सुपारीसारखे. त्या बियात सबंध ओक आधीच ठरलेला असतो. तसे प्रत्येक जिवाबरोबर त्याचे चित्र जन्माला येते. आई-बापांचे संस्कार आणि रक्ताचा वारसा यांहून वेगळे असे हे तिसरेच काही आहे, आणि तेच माणसाला हाक मारत राहते. आधाराला त्यांनी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या शेवटची कथा घेतली आहे. एर नावाचा योद्धा रणात पडतो, बाराव्या दिवशी चितेवर उठून बसतो आणि पलीकडे पाहिलेले सांगतो. तिथे जीव आपापला पुढचा जन्म निवडतात, प्रत्येकाला सोबत एक रक्षक देवता मिळते, आणि मग विस्मरणाच्या नदीचे पाणी पिऊन सगळे विसरून ते इकडे येतात. देवता मात्र विसरत नाही.

या पक्षात मोठा गुण आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करतो. मुलाचा हट्ट, त्याचे गप्प बसणे, त्याचा विक्षिप्तपणा यांवर लगेच रोगाचे नाव चिकटवू नका, असे हिलमन सांगतात. यहुदी मेन्युहिन चार वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याने व्हायोलिन मागितले. कोणीतरी खेळण्यातले पत्र्याचे व्हायोलिन दिले, ते त्याने फेकून दिले. आपण याला आडमुठेपणा म्हणू. हिलमन म्हणतात, त्याच्यातला वादक पत्र्याला हात कसा लावील? पोराबाळांकडे या नजरेने पाहणारे एखादे माणूस घरात असले तर त्या घराचे भाग्य. आई-बापांनीच मूल घडवले किंवा बिघडवले, या समजावरही त्यांनी एक खरपूस प्रकरण लिहिले आहे. तरुण आई-बापांनी ते अवश्य वाचावे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप दृष्टान्ताचा. दृष्टान्त एकदेशी असतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. मुखाला चंद्र म्हटले म्हणून मुख रात्रीच उगवते असे होत नाही. बियाचाच दृष्टान्त छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. उद्दालक ऋषी मुलाला वडाचे फळ आणायला सांगतात, फोडायला लावतात, त्यातले बी फोडायला लावतात आणि विचारतात, काय दिसते? काहीच दिसत नाही, असे श्वेतकेतू म्हणतो. त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा आहे, हे ऋषींचे सांगणे. बी दोघांनी घेतले, पण हिलमन त्यातून ‘तुझे वेगळे काय’ हे काढतात आणि ऋषी ‘सगळ्यांत एक काय’ हे काढतात. एकाच दृष्टान्तातून दोन उलट सिद्धान्त निघत असतील तर दृष्टान्त काही सिद्ध करत नाही, फक्त दाखवतो. हिलमन कधी कधी दाखवण्यालाच सिद्ध करणे समजतात.

दुसरा आक्षेप उदाहरणांचा. ग्रंथात गायिका आहेत, पंतप्रधान आहेत, स्पेनचा बैलझुंजीतला वीर मानोलेते आहे. सगळे नावाजलेले. भाताची परीक्षा एका शितावरून करतात, त्याला स्थालीपुलाकन्याय म्हणतात. पण सगळे दाणे एकाच आधणात शिजत असतील तरच तो न्याय लागतो. माणसे एका आधणात शिजत नाहीत. शिवाय अन्वयाबरोबर व्यतिरेक दाखवावा लागतो. हाक आली आणि काम झाले, हा अन्वय त्यांनी दाखवला. हाक आली पण काम झाले नाही, किंवा हाक आलीच नाही आणि तरी काम झाले, अशी माणसे कुठे आहेत? आधी वृक्ष पाहायचा आणि मग त्याचे बी शोधत मागे जायचे, तर बी सापडणारच.

हिलमन यांना हे अगदीच कळले नाही असे नाही. ग्रंथाच्या अखेरीस सामान्यपणावर एक प्रकरण आहे. त्यात ते व्यवसायावरचे वजन काढून स्वभावावर ठेवतात. माणूस काय करतो यापेक्षा ते कसे करतो यात त्याची हाक असते, असा त्याचा रोख. हे सोने आहे, पण ते शेवटी येते आणि ग्रंथभर पसरत नाही. खरे तर त्यांच्या मूळ कथेतच याचे बीज आहे. एरच्या कथेत ओडिसियस या महापराक्रमी राजाच्या जिवाचा क्रमांक सगळ्यांत शेवटी येतो. तो पराक्रमाला विटलेला असतो. फिरून फिरून तो एका साध्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा माणसाचा जन्म शोधतो. इतरांनी न पाहता टाकून दिलेला तो जन्म कोपऱ्यात पडलेला असतो. तो आनंदाने उचलतो आणि म्हणतो, पहिला क्रमांक असता तरी मी हाच घेतला असता. या प्रसंगाचे वजन हिलमन यांच्या उदाहरणांत उतरायला हवे होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाक एकट्याला येते, असे हा ग्रंथ धरून चालतो. त्यांचेच उदाहरण घ्या. १९३४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये अपोलो नाट्यगृहात हौशी कलाकारांची रात्र होती. एला फिट्झजेराल्ड ही मुलगी नाचायला म्हणून रंगमंचावर आली आणि ऐन वेळी गायली. हिलमन म्हणतात, तिच्यातल्या बीजाने बाजी मारली. असेल. पण समोर प्रेक्षागृह भरलेले होते ना? त्या लोकांनी मान डोलावली नसती तर? ज्याने गादीवर उभे राहून चाळीस वर्षे काढली त्याला विचारा. मागे टाळकरी ध्रुपद झेलतात, मृदंग सांभाळून घेतो, समोरची म्हातारी डोळ्याला पदर लावते, तेव्हा कुठे कीर्तन होते. रिकाम्या मंडपात कीर्तनकार नसतो, एक बोलणारा माणूस असतो.

न्यायाला धरून हेही सांगितले पाहिजे, की एकट्याच्या खोलीत अडकण्याचा हा दोष हिलमन यांनीच आपल्या शास्त्रावर ठेवला होता. मायकेल व्हेंचुरा यांच्याबरोबर त्यांनी १९९२ साली एक पुस्तक काढले. शंभर वर्षे मानसोपचार चालला आहे आणि जग बिघडतच चालले आहे, अशा अर्थाचे त्याचे नाव. माणूस रस्त्यावरच्या, कचेरीतल्या, शाळेतल्या दुःखाने कळवळतो, आणि उपचारक त्याला बंद खोलीत बसवून बालपणाच्या आठवणी काढायला लावतो, ही त्यांची तक्रार.

नातीला जिथे जायचे आहे ती पॅसिफिका संस्था कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ कार्पिंटेरिया येथे आहे. विश्वाच्या आत्म्याची जोपासना, असे तिचे लॅटिन ब्रीद आहे. तिथे युंग आणि हिलमन यांच्याबरोबर समाजाच्या मुक्तीचे मानसशास्त्रही शिकवतात, असे नातीने सांगितले. त्या शाखेचा एक मूळ पुरुष इग्नासिओ मार्तिन-बारो. हे जेझुइट धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ एल साल्वादोर देशात विद्यापीठात शिकवत. तिथे यादवी युद्ध चालू होते. सरकार एक सांगे आणि लोक घाबरून गप्प बसत. १९८६ साली त्यांनी लोकमत मोजणारी संस्था काढली. आपल्या मनात जे आहे तेच शेजाऱ्याच्याही मनात आहे, हे लोकांना आकड्यांतून कळू लागले. १६ नोव्हेंबर १९८९च्या रात्री सैनिकांनी त्यांना, त्यांच्या पाच जेझुइट सहकाऱ्यांना, स्वयंपाकीणबाईंना आणि त्यांच्या मुलीला ठार मारले. हे ऐकल्यावर त्या रात्री आम्ही पुढे वाचले नाही. ‘द सोल्स कोड’मध्ये जे मला मिळाले नाही ते इथे मिळाले. या माणसाला हाक आली ती दुसऱ्यांच्या तोंडून.

युंग यांचेही एक ऋण मान्य करतो. दुसऱ्याच्या मनावर उपचार करणाऱ्याने आधी आपले मन तपासून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. आदिबंधाची शक्ती आपलीच आहे असे वाटू लागले की माणूस फुगतो, असा इशाराही त्यांनी दिला. गळ्यात हार पडत असताना हे कोणी मला सांगितले असते तर बरे झाले असते.

आता नातीचा प्रश्न. चाळीस वर्षे मी गादीवरून सांगत आलो, की सातव्या वर्षी गावात कीर्तन ऐकले, घरी येऊन काठीची वीणा केली आणि त्याच रात्री माझे ठरले. लोकांना ती गोष्ट आवडे. काठीची वीणा खरी आहे. पण ती माझ्याबरोबर माझ्या थोरल्या भावानेही केली होती, आणि दादांचा गळा माझ्याहून गोड होता. मी तेरा वर्षांचा असताना पीक बुडाले. घरात खाणारी तोंडे फार. आळंदीला माधुकरीवर पोराचे पोट भरेल आणि चार अक्षरे येतील, असा वडिलांनी विचार केला. दादा औताला लागत होते म्हणून ते राहिले आणि मी गेलो. हे मी गादीवरून कधीच सांगितले नाही. मी माझे बी वृक्ष पाहून मागाहून शोधले होते. हिलमन यांच्यावर जो आक्षेप घेतला तो आधी माझ्यावर लागतो.

पुढे गावात माझे पहिले कीर्तन झाले. निरूपणाला सुरुवात केली आणि शब्दच गेले. पुढचे काही आठवेना. तेवढ्यात मागून दादांनी ध्रुपद उचलले. टाळकऱ्यांनी ते धरले आणि शब्द परत येईपर्यंत सोडले नाही. मंडपात कोणाला काही कळले नाही. दादा साठ वर्षे गावच्या भजनात टाळ धरून उभे राहिले, शेत सांभाळले आणि मागच्या कार्तिकात गेले. कोणत्याही ग्रंथात त्यांचे उदाहरण यायचे नाही.

हे सगळे मी नातीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पुस्तक खोटे?” मी म्हटले, खोटे नाही, अर्धे आहे. हाक आली की नाही हे मला आजही ठाऊक नाही. साथ मिळाली हे पक्के ठाऊक आहे.

तेव्हा वाचक माऊली, हा ग्रंथ जरूर वाचावा. मुलांकडे पाहण्यासाठी वाचावा, स्वतःची थोरवी सिद्ध करण्यासाठी वाचू नये. नातीलाही हेच सांगितले, की जायचे तर जा. युंग १९३८ साली कलकत्त्यास आले होते. इथल्या साधुपुरुषांना भेटणे त्यांनी टाळले, कारण दुसऱ्याचे सत्य उचलून आपले म्हणणे त्यांना चोरीसारखे वाटले असते. तूही त्यांचे सत्य तसेच उचलून आणू नकोस. तिथे शिक, आणि कोणाच्या मागे उभे राहून ध्रुपद धरायचे ते शोध.

सांगताना माझ्याकडून कमीजास्त झाले असेल तर ते पोटात घालावे.

रामकृष्ण हरी.