थकलेल्या बैलाचं कलम

इस्लापूरचं नाव देशाच्या एका मोठ्या कायद्यात आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात हैदराबाद राज्यातला कोणता भाग मुंबई राज्याला मिळाला, याची यादी आहे. त्यात आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके अख्खे आहेत, आणि बोथ तालुक्यातलं फक्त ‘इस्लापूर सर्कल’ आहे. बोथ तिकडे राहिलं, इस्लापूर इकडे आलं. आज इस्लापूर नांदेड जिल्ह्यात आहे आणि बोथ तेलंगणात.

माती तीच, कापूस तोच, औताला जुंपलेला बैलही तोच. बैल थकला की मात्र या रेषेचा अर्थ बदलतो. तेलंगणात संयुक्त आंध्रचा १९७७चा कायदा आहे. त्यात गाईच्या कत्तलीला बंदी आहे. पण बैल कामाचा उरला नाही असा दाखला अधिकाऱ्याने दिला, तर त्याची कत्तल करता येते. महाराष्ट्रात तसं करता येत नाही.

कायदा हाही भाषेत रचलेला मजकूर असतो आणि त्यात कोण दिसतं, कोण दिसत नाही, हे कादंबरीसारखंच तपासता येतं. म्हणून मी महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ आणि त्याची दुरुस्ती शेजारी ठेवून वाचली. ही दुरुस्ती विधिमंडळाने १९९५मध्ये केली. राष्ट्रपतींची संमती मिळून ती अमलात आली ४ मार्च २०१५ला. मधली वीस वर्षं हा मजकूर पडून होता. त्या काळात ट्रॅक्टर गावोगाव पोचले, पण मजकुराला त्याचा पत्ता नाही.

१९७६च्या मूळ कायद्यात गाईची कत्तल बंद होती, पण बैलासाठी दाखल्याची वाट होती. जनावर ओढकामाला, शेतीला, पैदाशीला किंवा दुधाला परवडतं का, हे पाहूनच दाखला मिळायचा. म्हणजे त्या मजकुरात बैलाला वय होतं, काम होतं आणि ‘परवडणं’ हा शेतकऱ्याच्या तोंडचा शब्दही होता. दुरुस्तीने बैलापुरतं हे सगळं वगळलं. आता बैल कायम बैल आहे, तो म्हातारा होतच नाही. या कायद्याचा माझ्या मते सगळ्यात मोठा वाङ्मयीन दोष हाच आहे.

शिक्षा मात्र तपशिलात आहेत. कत्तल, कत्तलीसाठी वाहतूक किंवा विक्री केली, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मांस जवळ बाळगलं, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. जप्त केलेल्या जनावराच्या चारापाण्याचा खर्च आरोपीने द्यायचा, हेही लिहिलेलं आहे. जनावराला रोज खायला लागतं, हे मसुदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. पण तोच थकलेला बैल मालकाच्या दावणीला बांधलेला असेल, तर त्याच्या कडब्याचं काय, हे बंदी घालणारी कलमं विचारत नाहीत.

न्यायालयांची भाषा याहून रंगतदार आहे. १९५८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुरेशी खटल्यात म्हटलं होतं की, बैल उपयोगाचा उरला नाही, तर त्याच्यावरची पूर्ण बंदी वाजवी ठरत नाही. २००५मध्ये गुजरातच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने हे बदललं. म्हातारा बैल शेण आणि मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी होतच नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. त्या निकालात शेणाचं मोल सांगताना कोहिनूर हिऱ्याची उपमा येते. उपमा म्हणून ती भव्य आहे, आणि शेणखताचं महत्त्व शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण जूनमध्ये बियाणं घ्यायला दुकानात गेल्यावर हा कोहिनूर चालत नाही.

६ मे २०१६ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांनी दुरुस्तीतलं ‘५ड’ कलम रद्द केलं. महाराष्ट्राबाहेर कत्तल झालेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं, हाही या कलमाने गुन्हा होता. आपल्या घरात काय खायचं, हा खासगीपणाचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. तेही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या खासगीपणावरच्या निकालाच्या आधी. निर्दोषत्व सिद्ध करायचा बोजा आरोपीवर टाकणारं कलमही गेलं. तेलंगणाच्या इतकं जवळ असलेल्या इस्लापूरसारख्या गावात या निकालाचा अर्थ रोजच्या जेवणाइतका साधा आहे. कत्तलबंदी मात्र कायम राहिली. स्वयंपाकघराच्या दाराशी कायदा थांबला, गोठ्यात तो आहे तसाच आहे.

खाण्याच्या हक्कावर शहरात पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. कुरेशी समाजाच्या पिढीजात धंद्यावर काय गुदरलं, तेही त्यात आलं. पण बैल ही शेतकऱ्याची मालमत्ता आहे, हा मुद्दा त्या मानाने मागे राहिला. लाल कंधारी किंवा देवणीची जोडी घेणं म्हणजे घरातली मोठी खरेदी. जुना बैल विकून आलेल्या पैशात भर घालून नवा आणायचा, हे त्या खरेदीचं गणित. जुन्याला गिऱ्हाईक नसेल, तर नव्याचे सगळे पैसे कर्जाने उभे करावे लागतात. मग पुढच्या वेळी माणूस बैलच घेत नाही. गोवंश वाचवायला निघालेला कायदा दावण रिकामी करायला हातभार लावतो.

यावर कुणी म्हणेल, पोळ्याला ज्याच्या पाया पडता त्यालाच विकता? प्रश्न खरा आहे आणि शेतकऱ्यालाही तो टोचतो. म्हणून तर तो ‘खाटकाला दिला’ असं म्हणत नाही, ‘बाजारात नेला’ एवढंच म्हणतो. पुढचं त्याने विचारायचं नाही, दलालाने सांगायचं नाही. या न बोलण्यात माया आणि गरज दोन्ही सांभाळल्या जात होत्या. त्याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मला त्यात गरिबाने केलेली तडजोड दिसते. कायद्याने त्यातल्या मायेचा हुकूम केला आणि गरजेचा गुन्हा.

मजकूर म्हणून हा कायदा सुधारायचा असेल, तर बंदीच्या कलमाखाली आणखी एक कलम हवं: थकलेला बैल मालकाला ठेवता येत नसेल, तर सरकार तो अमुक किमतीला, अमुक दिवसांत विकत घेईल. असं कलम लिहायला बसल्यावर आकडे मांडावे लागतील, वैरण मोजावी लागेल, पैसा कुठून आणायचा ते सांगावं लागेल. ते परवडत नाही असं सरकारला वाटलं, तर हाच शब्द १९७६च्या मजकुरात होता.